आमची क्रेन दाराकडेच का जायची : माझा अनुभव

मे महिन्यात कोकणात गवंडी मिळवणं काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. कोणाकडे लग्न, कोणाकडे आंबा, उरलेले पावसाआधी कौलं चाळायला गेलेले. वर्कशॉपमधल्या क्रेनचा पाया ओतणाऱ्या आमच्या गवंड्याने मला अकरा दिवस "उद्या सकाळी येतोच बघा" ऐकवलं. थोडा राग अजून आहे, तो मध्येमध्ये दिसेल.

रत्नागिरीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा ट्रॉलर वर ओढले जातात आणि त्यांचे शाफ्ट (पंखा फिरवणारे दांडे) आमच्याकडे येतात. ७५ मिमी जाडीचा बारा फुटी शाफ्ट किती जड? व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. जवळजवळ ३५. म्हणजे अख्खा शाफ्ट १२७ किलोंचा. तो चौघांनी उचलून लेथवर चढवायचा आणि पाचव्याने चक (शाफ्ट पकडणारा लेथचा जबडा) आवळायचा. गेल्या वर्षी त्यात एका पोराचं बोट चेंगरलं. नख गेलं, बोट वाचलं. त्या रात्री मी कागदावर पहिली क्रेन काढली.

पत्र्याची शेड साडेनऊ फूट उंच, त्यामुळे तयार मिळणाऱ्या क्रेन बसत नव्हत्या. मला हवी होती २५० किलोंची, दोन मीटर हाताची, काम झालं की भिंतीला चिकटून उभी राहणारी. आधी भिंतीलाच लावायचा विचार होता. पण २५० किलो दोन मीटर लांब टांगले, की मीटरभर अंतराने लावलेल्या दोन ब्रॅकेटांपैकी वरचं ५०० किलोंच्या जोराने भिंतीतून बाहेर ओढलं जातं. आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. नुसता फास्टनर आवळून पाहिला तर तो जांभ्याच्या भुग्यासकट जागच्या जागी फिरायला लागला. विषय संपला.

मग सहा इंची पाइपचा खांब, वर टेपर बेअरिंग, खाली पाइपवर फिरणारे दोन रोलर आणि आडवा फिरणारा हात म्हणून १२५ मिमीचा आय बीम. वेल्डिंग, रंग, चेनकुप्पी (साखळीने वजन उचलायची कप्पी) आणि ती बीमवर सरकवणारी ट्रॉली हे सगळं पंधरा दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाया १.२ मीटर लांब-रुंद आणि ०.९ मीटर खोल घेतला, जवळजवळ अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) काँक्रीट. लोक हसले. पण तो तीन टनांचा ठोकळाच क्रेनला उलटू देत नाही. नुसत्या कोब्यात बोल्ट मारले असते तर कोब्याची खपली बोल्टांबरोबर वर आली असती.

खांब उभा केला, हात बसवला, सोडून दिला. हात आपोआप दाराकडे गेला. भिंतीकडे ढकलला, परत दाराकडे. शाफ्ट टांगला तर अजून जोरात. धरायला माणूस ठेवायचा तर क्रेन कशाला?

इथे माझी चूक झाली. शाफ्ट टांगल्यावर खांब वाकलेला डोळ्यांना दिसत होता, म्हणून मी पाइप कमी पडला असं धरून बुडाला आधाराच्या पट्ट्यांची चार पाखं वेल्ड केली. दोन दिवस आणि वेल्डिंगचे रॉड गेले. हात दाराकडेच. चहा पिताना डोक्यात आलं, की गोल पाइप सगळ्या बाजूंना सारखाच वाकतो. हात कुठेही असला तरी टोक तितकंच खाली, मग त्याने एकच बाजू का धरावी? आणि रिकामा हातही दाराकडेच जात होता. म्हणजे खांबच कललेला.

ओळंबा लावला. पंख्याच्या वाऱ्याने तो हलत राहिला, तर लंबक पाण्याच्या बादलीत बुडवला, लगेच शांत. (पाणसळ खांबाला लावून फसू नका, रंगाच्या थरानेही ती चुकते.) वरपासून खालपर्यंत १६ मिमी फरक, दाराच्या बाजूला. खांबाच्या बुडाच्या बेस प्लेटखाली पाहिलं तर काँक्रीट ४५० मिमीत ३ मिमी उतरतं. एवढंच. पण बेअरिंग चांगलं असलं की १२७ किलोंना चालायला एवढा उतार पुरतो.

गवंड्याला फोन केला. "काय नाय होत हो त्याने, उद्या येतो." तिथून अकरा दिवस सुरू झाले.

खरं तर प्लेट काँक्रीटवर टेकवायचीच नसते. बोल्टवर आधी खालचा नट, त्यावर प्लेट, वर दुसरा नट. खालचे नट फिरवून खांब ओळंब्यात आणायचा आणि मग खालची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरायची. पण आमचे बोल्ट बाहेर फक्त ६० मिमी. २४ चा नट, २० ची प्लेट, परत नट, इथेच हिशोब संपतो. बोल्ट ओतायच्या आधी ही उंची मोजा. मी मोजली नाही, गवंड्यावर सोडली.

अकराव्या दिवशी खांब उतरवून, बोल्ट जास्त बाहेर यावेत म्हणून मीच छिन्नी घेतली. दीड इंच काँक्रीट, तेही चांगलं मुरलेलं. शिव्या देत दीड दिवस फोडलं. नट बसवले, ओळंबा बादलीत, चौथाई फेरा इकडे, चौथाई तिकडे. संध्याकाळी हात जिथे सोडला तिथेच थांबला. मी तो पाच-सहा वेळा उगाच फिरवला.

एक राहिलं. बोजा आला की टोक खाली येतं आणि ट्रॉली बाहेर पळते, म्हणून रिकामा हात टोकाला १० मिमी वर ठेवलाय. ग्राउट धरल्यावर सिमेंटच्या सहा गोण्या पाळण्यात घालून, म्हणजे जवळजवळ सव्वापट वजनाने, जमिनीपासून चार बोटं उचलून पंधरा मिनिटं टांगल्या. टोक २० मिमी खाली आलं, उतरवल्यावर परत जागेवर. टांगलेलं असताना कोणाला जवळ येऊ देऊ नका. शाफ्ट नेहमी दोन पट्ट्यांवर घ्या. आणि खारा वारा साखळी सोडत नाही, तिला महिन्याला तेल हवंच.

२ जूनला पावसात छत्री घेऊन गवंडी आला, उरलेले पैसे मागायला. हात बोटाने ढकलून पाहिला, थांबला तसा हसला. "बगा, मी म्हनलो व्हतो ना, काय नाय होत."