दिजाँच्या पातेल्यात आणि पेल्यात

पॅरिसहून दिजाँला वेगवान रेल्वेनं साधारण दीड तास लागतो. फ्रान्सच्या बुर्गोन्य भागातलं हे शहर मस्टर्डसाठी जगभर प्रसिद्ध आहे, पण मला ओढ होती ती तिथल्या वाईनवर होणाऱ्या स्वयंपाकाची. महागड्या बाटल्यांच्या चवी घेत हिंडण्यापेक्षा ती वाईन पातेल्यात पडते तेव्हा काय होतं, हे मला बघायचं होतं.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी एका संध्याकाळी मला ओट्यापाशी उभं केलं आणि 'मरेत' करून दाखवलं. मरेत म्हणजे लाल वाईनच्या रश्श्यातली अंडी. लोण्यात बेकनचे तुकडे, छोटे कांदे आणि मशरूम परतून बाजूला काढले. त्याच पातेल्यात पिनो न्वार या लाल वाईनची अख्खी बाटली, थाइम आणि तमालपत्र. सुरुवातीला वाईनचा नुसता उग्र, नाकात जाणारा वास येत होता. आटून निम्मी झाल्यावर तो निवला आणि रसाला चकाकी आली. मग लोणी-मैद्याचा गोळा घालून रस्सा दाट केला. अंडी वाईनमध्येच फोडून सोडली होती, त्यामुळे पांढरा भाग जांभळट झाला. दिसायला विचित्रच! पण लसूण चोळलेल्या कुरकुरीत पावावर ते अंडं ठेवून सुरी लावली, पिवळा बलक त्या काळसर रश्श्यात उतरला, आणि पहिल्या घासालाच मी गप्प झाले.

बाईंचा आग्रह एकच: वाईन घाईनं घालायची नाही, नीट आटू द्यायची. मला तो पूर्ण पटला. कच्ची राहिली तर रस्सा तुरट आणि आंबट लागतो. शिजवल्यावर दारू सगळी उडून जाते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं होत नाही. अर्धा तास शिजवल्यावरही सुमारे ३५ टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनी ५ टक्के. म्हणून ज्यांना चालत नाही, त्यांना वाढण्याआधी सांगायलाच हवं.

जेवणाआधी 'कीर' झाला होता. इथली अलिगोते ही पांढरी वाईन जात्याच आंबट. पेल्यात आधी थोडं कॅसिस, म्हणजे ब्लॅककरंटचं गोड, गडद मद्य ओतायचं आणि वरून चार-पाच पट थंडगार अलिगोते. चमचा लागत नाही, ओततानाच मिसळतं. दिजाँत कॅसिस १८४१ पासून बनतं. पेयाला नाव मिळालं ते फेलिक्स कीर यांचं. ते धर्मगुरू होते आणि १९४५ ते १९६८ दिजाँचे महापौर. पालिकेत येणाऱ्या पाहुण्यांपुढे ते हाच पेला ठेवायचे. अलिगोतेऐवजी फेसाळ शॅम्पेन घातली की कीर रॉयाल, लाल वाईन घातली की कम्युनार. मला साधा कीरच आवडला, सोबत गरमागरम गुजेर, म्हणजे चीज घालून भाजलेले छोटे फुगीर गोळे.

घरी करायचं तर नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन कीरला चालेल, फक्त कोरडी, म्हणजे गोड नसलेली, बघून घ्या. मरेतसाठी मध्यम किमतीची लाल वाईन पुरे. बेकन नको असेल तर मशरूम दुप्पट घाला आणि चांगले तांबूस होईपर्यंत परता.