पासवरची सीट

आमच्या वेळी गोव्यात कॉलेजचा वेगळा असा रेडिओ नव्हता, होती ती आकाशवाणीची युववाणी, म्हणजे तरुणांचा कार्यक्रम. आल्तिनोचा चढ चढून पणजी केंद्रात जायचं, ड्युटी रूममध्ये सही करायची, रेकॉर्डी आणि क्यू शीट, म्हणजे काय कधी वाजवायचं त्याचा कागद, घेऊन स्टुडिओत शिरायचं आणि लाल दिवा लागला की खोकायचं नाही, एवढं जमलं की झालात तुम्ही रेडिओवाले. कॉलेजात आम्ही स्वतःला ऐटीत डीजे म्हणवून घ्यायचो, आजी शेजारणीला "आमचो बाबू रेडियोर खबरो वाचता" असं सांगायची, आणि केंद्राच्या कागदावर आम्ही नुसते कॅज्युअल कंपेअर, म्हणजे तात्पुरते निवेदक. पैसे बेताचेच. पण पास मिळायचे! कुठे काय गाणंबजावणं असलं की कोणीतरी म्हणायचं, जा रे, ऐकून ये आणि पाच मिनिटांचं काहीतरी बोल.

तर पासवरची सीट. ही एक वेगळीच जात. तिकीट काढून येणारा माणूस मधोमध बसतो, पासवाला कडेला, जिथून गायकाचा एक कान आणि तबलजीची पाठ दिसते. तंबोऱ्यावर साथीला बसलेल्या मुलीला मात्र आम्ही अगदी जवळून बघायचो, ती मधेच घड्याळाकडे कशी बघते ते पण. कडेला बसण्याचा आणखी एक फायदा होता, म्हणजे कांपालच्या कला अकादमीत तरी. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती वास्तू मांडवीच्या काठावर आहे आणि आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहासारखे बॉक्स आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवलेत. त्यामुळे हॉल अर्धा रिकामा असला तरी गायकाला गर्दी दिसणारच, आणि माझा शेजारी बऱ्याचदा भिंतीवरचाच असायचा. अत्यंत शिस्तीचा श्रोता. ना त्याचा पान चघळल्याचा आवाज, ना चुकीच्या मात्रेला मान हलवणं.

पण मला खरी जागा सापडली ती मागे, साऊंडवाल्याच्या शेजारी. पंखा तिकडे, चहा तिकडे येतो आणि मुख्य म्हणजे अख्ख्या हॉलला जे ऐकू जातं तेच तिथे ऐकू येतं, पहिल्या रांगेत बसलेल्या प्रमुख पाहुण्यांना बिचाऱ्यांना निम्मं गाणं आणि निम्मा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर. साऊंडवाला कोणाला फार भाव देत नाही. हार्मोनियमवाला खुणेने "वाढव, वाढव" म्हणत असतो, हा मान डोलावतो, फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर, बोट ठेवतो आणि हलवत काहीच नाही, दोन मिनिटांनी हार्मोनियमवाला खूश. ही विद्या मला नंतर आयुष्यात फार उपयोगी पडली.

माझ्याकडे एक कॅसेट रेकॉर्डर असायचा, आत साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. बडा ख्याल असा काही बेतलेला असतो की द्रुत सुरू झाली रे झाली की खट् करून बटण वर येतं. मग अंधारात कॅसेट उलटी करा, तोवर इकडे तिहाई होऊन समेवर टाळ्या. माझ्याकडच्या सगळ्या कॅसेटींत तंबोरे जुळवणं, निवेदकाने वाचलेली देणगीदारांची यादी, कोणाचं तरी रडणारं पोर हे सगळं स्वच्छ आलंय, गाण्याचा कळस तेवढा नाही. आता वाटतं बरंच झालं, कळस तर कुठेही ऐकायला मिळतो, ते पोर कुठे मिळणार.

गायिका केसरबाई केरकरांच्या नावाने होणाऱ्या समारोहाला गेलो की मला हे पाच मिनिटांचं प्रकरण फार छळायचं. बाई आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहां हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची. यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरात आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. म्हणजे परग्रहवाल्यांना साडेतीन मिनिटं पुरतात आणि आमच्या प्रोड्यूसरना पाच मिनिटांत गाणं, मुलाखत आणि वर "युवकांना संदेश" असं सगळं हवं असायचं. संदेश मागितला की मोठमोठे गवय्ये एकच उत्तर द्यायचे, रियाज करा. चला, दहा सेकंद झाले.

रेडिओवर मला सगळ्यात जास्त खटकायचं ते टाळ्या कापणं. टेपवर ब्लेड चालवायचं, चिकटपट्टी लावायची, गाणं संपलं की थेट पुढची अनाउन्समेंट. आणि गोव्यात तर निम्मी मजा ऐकणाऱ्यांची. देवळातल्या जत्रेत संगीत नाटक असू दे नाहीतर मडगावात तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोंकणी नाटक, चांगलं पद झालं की शिट्ट्या आणि वन्स मोअर, तियात्रात कांताराच्या, म्हणजे गाण्याच्या, एखाद्या कडव्यात राजकारण्याला टोमणा बसला की बघायलाच नको, रंगमंचाखाली बसलेला ट्रंपेटवाला पुन्हा तोंडाला लावायच्या तयारीतच असतो. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं आणि रात्री रस्त्यावर बैठका, तिथे नामवंत गायक विलंबित आळवतायत आणि पलीकडे खाज्याचा स्टॉल आणि फुगेवाला. त्या फुगेवाल्याचा पी पी आवाज चक्क षड्जात लागलेला मी ऐकलाय, कोणी विश्वास ठेवत नाही.

परत यायची मात्र बोंब. गाणं रंगात आलं की शेवटची कदंब बस सुटायची वेळ, त्यामुळे पुष्कळ भैरव्या मी ऐकल्याच नाहीत. राहिलोच थांबून तर गाड्यावर रोस-ऑम्लेट खायचं, मग पायलट, म्हणजे भाड्याने मोटरसायकलवर नेणारा, शोधायचा, आणि तो मोटरसायकलवर मागे वळून विचारणार, "कोण गायलो आज?" सांगितलं की मग त्याचं स्वतःचं मत, ते बहुतेक वेळा माझ्या पाच मिनिटांपेक्षा नेमकं असायचं. एकाने तर एका नावाजलेल्या बुवांबद्दल सांगितलं, आवाज बरा आसा, पूण सोडिना, म्हणजे सूर धरला की सोडतच नाही. हे मी ऑन एअर कसं बोलणार?

आणि घुमट. चवथीला आमच्या वाड्यावर आरत्या होतात, घुमट, शामेळ नावाचा ढोल, कासाळें म्हणजे मोठ्या झांजा, आणि हे रेकॉर्ड करायच्या फंदात कोणी पडू नये. घुमट म्हणजे मातीचं भांडं, पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावायचे, ते बंद होऊन बकऱ्याचं आलं आणि 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. पण कातडं कुठलंही असो, थाप पडली की मीटरचा काटा उजवीकडे लाल पट्ट्यात जाऊन बसतो तो आरती संपेपर्यंत. लांब ठेवला माइक तर कासाळें सगळं खाऊन टाकतात. उंबऱ्यापाशी, तुळशीकडे, माडीवर, सगळीकडे ठेवून पाहिला. शेवटी काकांनी टेप माझ्या हातातून काढून घेतला, हातात कासाळें दिली आणि म्हणाले, ताल चुकलास तर प्रसाद नाही.