पेडल स्टील आणि स्टॉप-मोशन : चौथ्या महिन्याची नोंद

या महिन्यात माझे दोन्ही छंद, म्हणजे पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, पेडलने तारांचे स्वर चढवता-उतरवता येणारी गिटार) आणि स्टॉप-मोशन (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपत केलेले ॲनिमेशन), प्रथमच एका टेबलावर आले, आणि त्याला कारण पीट क्लाइनो. ‘स्नीकी पीट’ या नावाने ओळखला जाणारा हा वादक 1934 साली इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे जन्मला आणि 2007 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे वारला. पेडल स्टील वाजवणारे त्याला ‘द फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ या बँडचा वादक म्हणून ओळखतात, आणि स्टॉप-मोशन करणारे ‘गंबी’, ‘डेव्ही अँड गोलायथ’ व ‘द टर्मिनेटर’ यांसाठी बाहुल्या हलवणारा कलावंत म्हणून. दोन्ही बाजूंची मंडळी त्याच्याविषयी आपुलकीने बोलतात, पण आपापल्या अर्ध्याविषयीच. तो एकच माणूस होता, त्याचे हातही तेच होते, हे डोक्यात ठेवून काम करायचे असे मी या महिन्यासाठी ठरवले होते.

माझे वाद्य आठ तारांचे, एकाच नेकचे आणि केबलवर चालणारे आहे. पेडल दाबले की वाद्याखालून गेलेली केबल ब्रिजजवळची, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या टोकाजवळची, फिरती पट्टी ओढते आणि तारेचा स्वर चढतो किंवा उतरतो. क्लाइनो फेंडर 400 हे याच जातीचे वाद्य वाजवीत असे. त्याच्या काळात बहुतेक कंट्री वादक दहा तारा आणि ई-नाइन ट्यूनिंगकडे (तारा स्वरांत लावण्याची एक पद्धत) वळलेले असताना तो आठ तारा आणि बी-सिक्स ट्यूनिंग धरून राहिला. बी, डी शार्प, एफ शार्प आणि जी शार्प या चार स्वरांवर उभी असलेली ही रचना मुळात स्विंग या जॅझ शैलीच्या वळणाची आहे, त्यामुळे तिच्यातून नेहमीच्या ठरावीक कंट्री जागा सहज निघत नाहीत आणि वादकाला स्वतःच्या जागा शोधाव्या लागतात. बरिटो ब्रदर्सच्या ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ (1969) या अल्बममध्ये त्याने याच वाद्याला फझची, म्हणजे स्वर खरखरीत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक परिणामाची, जोड दिली. गायिका जोनी मिचेलच्या ‘ब्लू’ (1971) या अल्बममध्ये मात्र तोच वादक इतका विरळ वाजवतो की दोन स्वरांमधली रिकामी जागाही मोजून ठेवल्यासारखी वाटते. माझ्या मते त्याचे खरे कौशल्य त्या विरळ वाजवण्यात अधिक दिसते.

आता मुख्य प्रयोगाकडे येतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पेडलची प्रत्येक मींड घाईची ऐकू येत होती आणि हा दोष कानाने कळत असूनही तो नेमका कुठे होतो हे सापडत नव्हते. म्हणून मी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 72 ठोक्यांवर लावला, फोनचा कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर ठेवला आणि डी शार्पची तार ई पर्यंत चढवणाऱ्या पेडलवरील माझ्या डाव्या पायाचे चित्रण केले. या लयीत एक मात्रा बरोबर 20 फ्रेमची होते, म्हणजे अर्ध्या मात्रेची मींड 10 फ्रेम चालायला हवी. चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिले तेव्हा पाय 7 फ्रेममध्ये तळाला पोचून पुढे नुसता थांबलेला दिसला.

एवढ्यावर समाधान झाले नाही, कारण पाय हलणे आणि स्वर हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिजजवळच्या फिरत्या पट्टीवर मी पांढऱ्या कागदाची दोन सेंटिमीटर लांबीची बारीक दर्शक-काडी चिकटवली आणि कॅमेरा तिच्याजवळ नेला. पहिल्या 3 फ्रेममध्ये काडी जागची हलतच नव्हती, त्यानंतर ती एकदम उचलली जाई आणि 4 फ्रेममध्ये वर जाऊन अडे. पायाचा सुरुवातीचा सगळा प्रवास केबलमधला ढिलेपणा भरून काढण्यातच जात होता, आणि उशीर झाल्याचे जाणवून मी नकळत उरलेले अंतर रेटून पूर्ण करीत होतो. केबल ताणून घेतल्यावर ती मृत जागा 3 वरून 1 फ्रेमवर आली. केबल पूर्ण घट्ट केली तर पाय उचलल्यावरही स्वर किंचित चढा राहतो, म्हणून तेवढी एक फ्रेम मी मुद्दाम सोडली आहे.

यानंतर मी पेडलच्या सरावासाठी ॲनिमेशनचा तक्ता वापरला. बाहुलीचा हात एका जागेहून दुसरीकडे नेताना आपण सुरुवातीला थोडे, मध्ये जास्त आणि शेवटी पुन्हा थोडे अंतर ठेवतो. तोच आराखडा मी काडीच्या मागे कागदावर आखून लावला आणि तिने दहा रेघा त्या क्रमाने ओलांडाव्यात असा सराव रोज वीस मिनिटे केला. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही, कारण मींड कुठून कुठे जाते याइतकेच ती वाटेत कशी चालते यालाही आपल्याकडे महत्त्व आहे. तिसऱ्या आठवड्यात दहापैकी सहा वेळा काडी तक्त्याप्रमाणे चालू लागली. उतरती मींड अजून जमत नाही, कारण पाय उचलताना तार स्वतःच्या ओढीने मागे जाते आणि तिला रोखून धरणारा घोटा माझ्याकडे अजून तयार झालेला नाही.

दुसऱ्या छंदासाठी, म्हणजे स्टॉप-मोशनच्या बाहुलीसाठी, मी टेरोडॅक्टिल निवडला आहे. ‘गिल्डेड पॅलेस’च्या मुखपृष्ठासाठी शिंपी नूडी कोनने बरिटो ब्रदर्सना भरतकाम केलेले सूट शिवून दिले, त्यांत क्लाइनोच्या काळ्या सुटावर छातीभर सोनेरी टेरोडॅक्टिल आहे. इतरांच्या सुटांवर फुले, पाने आणि बरेच काही असताना याने उडणारा प्रागैतिहासिक प्राणी अंगावर घेतला, हे पाहून मला दरवेळी मनापासून आनंद होतो. माझ्या प्राण्याचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या तारेचा, अंग प्लॅस्टिसिनचे आणि पंख पातळ कापडाचे आहेत. एक चित्र दोन फ्रेम, या हिशेबाने 72 च्या लयीत एका मात्रेला दहा चित्रे येतात. त्यामुळे पंखाची एक फडफड एका मात्रेत बसते आणि वर सांगितलेली मींड पंख खाली येण्याच्या पाच चित्रांवर चपखल बसते.

एकतिसाव्या चित्राला उजव्या खांद्याची तार तुटली. ॲल्युमिनियम एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवले की ते थकते, हे ठाऊक असूनही मी खांद्यात एकेरी तार वापरली होती. आता दोन तारा पीळ देऊन घातल्या आहेत. दिव्याच्या उष्णतेने प्लॅस्टिसिन मऊ होऊन मान झुकत होती, तेव्हा दिवा बदलून एलईडी लावला. दादासाहेब फाळके यांनी मटारच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली होती. त्यांच्यापुढे माझा टेरोडॅक्टिल निदान हुकमाप्रमाणे थांबतो, रोप तर थांबतही नाही.

संदर्भ म्हणून ‘द टर्मिनेटर’ (1984) मधील धातूच्या सांगाड्याची दृश्ये पुन्हा पाहिली. त्यातील स्टॉप-मोशन क्लाइनोचे आहे. सांगाडा लंगडतो, आणि लंगडणाऱ्या पायाचे ओढणे दर पावलाला सारखे नसते, तरी त्याचा ताल सुटत नाही. याच क्षेत्रातील कामासाठी, ‘द विंड्स ऑफ वॉर’ या मालिकेच्या दृश्य-परिणामांबद्दल, त्याला 1983 चा एमी पुरस्कार मिळाला होता.

पुढील नोंदीपर्यंत पंखाच्या चार फडफडी, म्हणजे चाळीस चित्रे, पुरी करायची आहेत आणि त्यांवर वाजवायचे चार मात्रांचे वाक्य ध्वनिमुद्रित करायचे आहे. शेवटच्या फडफडीत पंख वर जाताना उतरती मींड लागते. ती जमली नाही तर त्या जागी बारने (तारांवर सरकवायच्या धातूच्या दांड्याने) घसीट घेणार नाही, पेडलनेच जमेपर्यंत ती मात्रा रिकामी ठेवीन.