माझा कॅमेरा पितृपक्षभर ड्रॉवरमध्ये

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) तुमच्याकडे असेल, तर 'डी' प्रकारची लेन्स घेताना ती उलटी करून बघा. मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यावर असते तशी बारीक खाच दिसली की समजा, फोकसची मोटर लेन्समध्ये नाही. ती बॉडीत हवी, आणि या बॉडींमध्ये ती नसते. हे २०१६ साली मला कुणी सांगितलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते, आणि बायकोची बोलणीही.

त्याआधी माझ्याकडे खिशात मावणारा छोटा कॅमेरा होता. दिवसा ठीक चालायचा. बडोद्यात राहून नवरात्राचे फोटो काढायचे नाहीत असं कसं होईल? पण रात्री फ्लॅशने सगळे चेहरे पिठासारखे पांढरे, आणि बटण दाबल्यावर तो इतका विचार करायचा की भाची पुढे निघून जायची आणि फोटोत मागच्या बाईची पाठ यायची.

म्हणून गणपतीच्या आधी निकॉनचा डी५३०० घेतला. त्याचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, छोट्या कॅमेऱ्याचा साधारण ६.२ बाय ४.६. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरा पट. अंधारात फरक पडतो तो याने, मेगापिक्सेलने नाही. खरेदीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तासाभरात झाली. सोबतची १८-५५ लेन्स आरतीच्या फोटोंना पुरली, पण ५५ ला, म्हणजे पूर्ण झूमवर, तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं, उजेड जास्त). तिच्यातलं व्हीआर, म्हणजे थरथर आवरणारी सोय, आपला हात हलला तर सांभाळतं, नाचणारी माणसं नाही.

ज्याला विचारावं तो म्हणे, "फिफ्टी घे." दुकानात ५० एमएम एफ १.८ दोन प्रकारच्या होत्या, 'जी' आणि 'डी'. 'डी' स्वस्त. काउंटरवरचा म्हणाला, दोन्ही एकच. अनंत चतुर्दशीची दुपार होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष, नवीन वस्तू घरात आणायची नाही, म्हणून घाईने 'डी' घेतली. माझीही चूक आहेच.

संध्याकाळी दांडिया बाजारात मिरवणूक बघायला गेलो, कॅमेरा सुरू केला, तर स्क्रीनवर 'एफईई' लुकलुकायला लागलं. फोटोच निघेना. (या लेन्सवरची ॲपर्चरची, म्हणजे त्या तोंडाची, रिंग २२ वर नेऊन लॉक करायची असते, ते मला रात्री घरी बसल्यावर सापडलं.) ते जमलं, तर फोकस होईना. बटण अर्धं दाबलं की छोटासा आवाज यायची सवय झालेली, आता काहीच नाही.

दुकानात गेलो. काउंटरवरच्याने लेन्सकडे बघितलंसुद्धा नाही. "बॉडीमां प्रॉब्लेम छे, सर्विसमां मोकलवी पडशे." म्हणजे दुरुस्तीला पाठवावी लागेल. नवी कोरी बॉडी! पिवळी चिठ्ठी दिली, बॅग ठेवून घेतली. बॅग जुन्या कॅमेऱ्याचीच होती, तिच्या झिपची कडी तुटलेली, म्हणून मी लाल नाड्याने दुहेरी गाठ मारली होती.

पुढे रोजचं एकच. "बे दिवसमां आवी जशे." दोन दिवसांनी, "श्राद्ध चाले छे ने, कारीगर गामडे गयो छे." मग, "अमदावादथी पार्सल हजी नथी आव्युं." कुठल्या कुरिअरने पाठवलं, पावती दाखवा, म्हटलं तर शेठ जेवायला गेलेले. शेठ कधीही जा, जेवायलाच गेलेले. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी कुरिअरचा नंबर लिहून घ्या आणि चिठ्ठीवर बॉडीचा सीरियल नंबर टाकायला लावा. माझ्या चिठ्ठीवर नुसतं 'कॅमेरा १' होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी आवाज चढवला. तेव्हा पोऱ्याने काउंटरखालचा ड्रॉवर ओढला, आणि आत माझी बॅग. लाल नाड्याची दुहेरी गाठ तशीच. अमदावाद सोडा, माझा कॅमेरा त्या ड्रॉवरमधूनही हलला नव्हता.

माझ्या शेजारी, बडोद्याच्या वाडी भागातला, एक लग्नाचे फोटो काढणारा मेमरी कार्ड घ्यायला आला होता. त्याने लेन्स काढली, उलटी केली आणि खाचेवर नख ठेवलं. "काका, बॉडीला काही झालेलं नाही. या खाचेत फिरणारी किल्ली तुमच्या बॉडीत नाहीच. 'जी'त मोटर लेन्सच्या आत असते." अर्ध्या मिनिटाचं काम. बदलून द्या म्हटलं तर काउंटरवरचा म्हणे, "खोखुं खूली गयुं, हवे न बदलाय." खोकं उघडलं, आता बदलून मिळणार नाही.

फोकसची रिंग हाताने फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की क्लिक करायचं, हेही त्यानेच दाखवलं. पण नाचणाऱ्या माणसावर ठिपका स्थिर होईतो माणूस कुठच्या कुठे. त्यावर त्याचा उपाय असा, की गरबा गोल असतो, पोरगी परत तिथेच येणार. ताईच्या सोसायटीत मी फरशीवर खडूची रेघ मारली, पाच मीटरवरून तिच्यावर फोकस केला, एफ २.८, शटर १/२५०, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ३२००. एवढ्या अंतरावर साधारण मीटरभर जागा स्पष्ट येते. १.८ ला ती फूटभराने तरी कमी होते, त्या मोहात पडू नका. मग नुसतं उभं राहायचं. तिसऱ्या फेऱ्याला भाची रेघेवर आली, ओढणी वर उडालेली, चेहरा लख्ख.

आणि हो, या बॉडीवर ५० म्हणजे ७५ सारखी दिसते, सगळं जवळ ओढल्यासारखं. आमच्या घरातल्या खोल्यांत भिंतीला पाठ लावूनही दोनच माणसं मावतात.

दिवाळीनंतर ती लेन्स त्या फोटोग्राफरनेच घेतली, मी वर पैसे घालून 'जी' आणली. त्याच्या डी७२०० मध्ये मोटर आहे. माझ्यासमोरच त्याने लेन्स लावून बटण दाबलं आणि ती खर्रकन फोकस झाली. तो आवाज अजून डोक्यात जातो.