पत्रकार आंद्रेआस टांगेन

रविवार, रात्र

नॉर्वेजियन लेखक क्नुट हामसुनची ‘हंगर’ ही कादंबरी आज दुपारी वाचून संपली आणि तेव्हापासून डोक्यात एकच प्रसंग ठाण मांडून बसलाय. नायक (त्याचं खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही) रात्री डोकं टेकायला जागा नाही म्हणून क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, पोलीस ठाण्यात जातो. बेघरांना तिथे रात्रीपुरता आसरा मिळतो. पण नाव विचारल्यावर हा ठोकून देतो : आंद्रेआस टांगेन, पत्रकार. बाहेर उशीर झाला, किल्ली हरवली. अंमलदाराला ते पटतं आणि याला भल्या माणसांसाठीची वेगळी कोठडी मिळते. सकाळी बाकीच्यांना जेवणाच्या चिठ्ठ्या वाटतात. पत्रकाराला कोण देणार चिठ्ठी? तो घरी जाऊन खाईल की! पोटात अन्नाचा कण नाही, चिठ्ठ्या डोळ्यांदेखत वाटल्या जातायत, आणि हा ताठ मानेने चालायला लागतो.

तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं, थोडा वेळ पुढे वाचवेना.

गरिबीवरचं बरंच काही वाचलंय. त्यात सावकार असतो, दुष्काळ असतो, बंद पडलेली गिरणी असते, कुणावर तरी राग काढता येतो. हामसुन ती सोयच ठेवत नाही. माणसं याच्याशी तशी बरी वागतात. ज्याला हा ‘कमांडर’ म्हणतो तो संपादक लेख परत करताना आपणहून विचारतो, पैसे हवेत का. हा म्हणतो, नको.

आणि तो जाकिटाचा प्रसंग! एक लंगडा म्हातारा दुधाला पैसे मागतो. याच्याकडे दमडी नाही. मग हा घाईघाईने जाऊन अंगातलं जाकीट गहाण टाकतो आणि म्हाताऱ्याला पैसे आणून देतो. म्हातारा याला आपादमस्तक न्याहाळतो, विशेषतः ती झिजलेली पँट, आणि नाणं परत करायला बघतो. त्यावर हा असा भडकतो की वाचताना आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. पुढे लिहायला बसल्यावर लक्षात येतं, पेन्सिल जाकिटाच्या खिशातच राहिली. गहाणवाल्याकडे परत जायचं, तेही पेन्सिलीच्या एवढ्याशा तुकड्यासाठी! मग तिथे थाप : याच तुकड्याने मी तत्त्वज्ञानावरचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, म्हणून जीव आहे त्याच्यावर. असं सांगितल्याशिवाय स्वतःची पेन्सिलसुद्धा मागता येत नाही त्याला.

मला हे परकं वाटलं नाही. पुण्यात शिकत असताना रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. महिनाअखेरीला ओळखीच्यांकडे नेमकं जेवणाच्या वेळेला जायचं आणि काकूंनी ताट वाढायला घेतलं की म्हणायचं, “नको काकू, आत्ताच जेवून आलोय.” फोडणीचा वास नाकात असायचा. माझी भूक एका रात्रीची, त्याची कित्येक दिवसांची. तुलना करायचीच नाही. पण ते वाक्य तोंडातून किती सहज यायचं, ते मला ठाऊक आहे.

हामसुनने हे स्वतः भोगलं होतं. क्रिस्तियानियात उपासमार झाली, दोनदा अमेरिकेला जाऊन आला, शिकागोत ट्राममध्ये कंडक्टर होता. १८८८ मध्ये कोपनहेगनला येऊन त्याने हे लिहायला घेतलं. पहिला तुकडा त्याच वर्षी ‘न्यू योर्ड’ (Ny Jord) या डॅनिश मासिकात निनावी छापून आला, पुस्तक १८९० चं. १९२० मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते वेगळ्याच कादंबरीसाठी. आणि हाच माणूस पुढे नाझींच्या बाजूने उभा राहिला. नोबेलचं पदक त्याने १९४३ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला दिलं, हिटलर मेल्यावर त्याचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. एका उपाशी माणसाची लाज ज्याला इतकी आतून कळली, त्याला हे कसं करवलं? मला याचा मेळ लागत नाही, आणि पुस्तक आवडलं म्हणून ते विसरायला मी तयार नाही.

शेवटाबद्दल मात्र लिहून ठेवायला हवं. शेवटी तो बंदरावरच्या एका जहाजावर चढतो. जहाज लीड्सला जाणार, तिथून कोळसा भरून स्पेनमधल्या कादिथला. पहिल्यांदा वाटलं, लेखकाने घाईत गुंडाळलं. मग ती दोन पानं पुन्हा वाचली. कप्तान विचारतो, आधी कधी जहाजावर काम केलंयस का? तो सरळ नाही म्हणतो. सांगाल ते काम करीन, म्हणतो. इथे ना पत्रकार आहे, ना तीन खंडांचा ग्रंथ. आणि कप्तान त्याला ठेवून घेतो.