कुपनांवरचा कोट

“डोक्यावर बॉम्ब पडत असताना बायकांना फॅशन सुचायची तरी कशी?” दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश कपडे मी जमवते, हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे कपड्याकडे मी आधी आतल्या बाजूने बघते.

१ जून १९४१ला ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग आलं. माणशी वर्षाला ६६ कुपनं. बायकांच्या अस्तराच्या कोटाला १४, लोकरीच्या ड्रेसला ११, मोज्यांच्या जोडीला २. पैसे मोजायचे ते वेगळेच. पुढे कुपनं आणखी कमी होत गेली. मग एकच कोट घ्यायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा, तर तो अंगावर नीट बसायला नको? हौस होतीच, पण तिच्यामागे केवढा हिशेब होता!

माझ्याकडचा एक कोट बघा. आत ‘सीसी ४१’चा शिक्का आहे, त्यातले दोन्ही सी चीजच्या कापलेल्या चकत्यांसारखे दिसतात. हे सरकारने ठरवून दिलेले ‘युटिलिटी’ कपडे. चुण्या किती, खिसे किती, बटणं किती, सगळं नियमात. पुरुषांच्या पँटची खालची दुमडसुद्धा बंद! ती त्यांना फार झोंबली. काहीजण मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडून शिवायचे. पण १९४२मध्ये सरकारने या कपड्यांचे नमुने करायला लंडनच्या नामांकित डिझायनरांना बोलावलं. त्यात राजघराण्याचे कपडे करणारे नॉर्मन हार्टनेलही होते. कारखान्यात राबणाऱ्या मुलीला त्या तोलाचा कट मिळाला, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

घरोघरी डागडुजी तर चालूच होती. चादर मधोमध विरली की उभी फाडायची, कडेच्या धडक्या बाजू मध्ये घेऊन जोडायच्या. जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन, पुन्हा विणायचा. कपड्यांचं रेशनिंग उठलं ते थेट मार्च १९४९मध्ये.

त्या कोटाची कॉलर उलटवलेली आहे. झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. जुन्या टाक्यांची भोकं बोटाला लागतात, डोळ्यांना मात्र दिसत नाहीत. डावी बाही कोपरापाशी रफू केली आहे, कोटाच्याच शिलाईतून काढलेल्या धाग्याने. रंग तंतोतंत जुळावा म्हणून.