गावाला न विचारता आलेले पाहुणे

अमळनेरकराचं गर्दीविषयी मत घ्यायचं असेल तर वार आणि तिथी बघून घ्यावं. वैशाखात विचारलंत तर तो म्हणेल, गर्दी कुठाय, यात्रा आहे. मंगळवारी विचारलंत तर उत्तरच मिळणार नाही, कारण तो चोपडा रस्त्यावर दोन ट्रॅव्हल्सच्या मधे मोटारसायकल घालून खोळंबलेला असेल.

मंगळग्रहाची मंदिरं देशात फार नाहीत. त्यामुळे ज्यांच्या पत्रिकेत मंगळ, ते लांबलांबून आमच्याकडे येतात, अभिषेक करतात आणि आल्या गाडीने परत जातात. मंगळ त्यांच्या पत्रिकेतला, मंगळवार मात्र आमचा जातो. आता या गर्दीवर रिक्षावाले, नारळवाले, चहावाले जगतात. माझ्या आतेभावाची शेवभाजीही तिच्यावरच खपते. जगात मंगळाची मुलं-मुली वाढोत, अशीच त्याची प्रार्थना असणार. तरी एक गोष्ट बोचते. या पाहुण्यांना गाव लागतच नाही. गाडीच्या काचा वर, आणि रस्ता सांगायला मोबाइल. आम्ही मधे आलो तरच आम्ही त्यांना दिसतो.

सखाराम महाराजांच्या यात्रेला तर माणसांचा पूर येतो, आणि तोही बोरी नदीला थेंबभर पाणी नसताना. कोरड्या पात्रात समाधी मंदिराजवळ पाळणे उभे राहतात, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकानं लागतात. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. वैशाखातलं ऊन म्हणजे दुपारी वाळूवर पाय ठेवायची सोय नाही. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि नेमक्या त्याच वेळी घरात माहेरवाशिणी, त्यांची पोरं, त्या पोरांनी बरोबर आणलेली आणखी पोरं. पण कुरकुर करायला कोणाला फुरसत असते? बाया खापरावर मांडे टाकताहेत, कोणी आमरसासाठी आंबे पिळतोय, रात्री गच्चीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरुणं पडताहेत. रथाच्या चाकाला मोगरी लावणारा कोणाचा तरी काका असतो, पाळण्यात बसून रडणारी कोणाची तरी भाची. त्या रेटारेटीत पायावर पाय पडला तरी वर बघितल्यावर ओळखीचाच चेहरा निघतो, मग भांडणार कोणाशी?

तिसरी गर्दी आली ती 2024च्या फेब्रुवारीत. 97वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2 ते 4 तारखेला आमच्या गावात भरलं. त्याआधीचं अमळनेरचं संमेलन 1952 सालचं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते तेव्हाचं. त्यात विद्रोही साहित्य संमेलनही त्याच दिवसांत इथेच, म्हणजे एका मांडवात दोन लग्नं काढावीत तसं झालं. कोणत्या बाजूला जेवायला जावं याचा विचार गावातल्या पुष्कळ लोकांनी केला आणि दोन्हीकडे जाऊन आले.

आमच्या शेजारच्या तात्यांकडे ओळखीतून दोन पाहुणे उतरले होते, कोल्हापूरकडचे. सकाळी पोहे खाताना त्यांनी सहज विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे?

“आमना गावमा देखासारखं काय शे?” तात्या म्हणाले. अमळनेरला जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी टोपी घातली. साने गुरुजी शिकवायचे ते प्रताप हायस्कूल दाखवलं. 1916पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर दाखवलं. विप्रोचा जन्म 1945 साली याच गावात, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाला, हेही सांगितलं. या विषयावर अमळनेरकरांचे दोन वर्ग पडतात : आजोबांनी घेतलेले शेअर ठेवून बसले ते कोट्यधीश, आणि विकून बसलेल्यांचे नातू ही गोष्ट सांगणारे. तात्या दुसऱ्या वर्गातले, त्यामुळे गोष्ट लांबली. तत्त्वज्ञान मंदिरात ते स्वतः किती वर्षांनी पाऊल टाकत होते कोण जाणे, पण आपल्याच परसातल्यासारखे एकेक झाड दाखवत होते. पाहुण्यांचा एक परिसंवाद या भटकंतीत बुडाला. दुपारी वहिनींनी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, तेव्हा दुसराही बुडाला.

गावात मंडप पडला, मंडप उठला. त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. माझ्या आतेभावाचं म्हणणं, साहित्यिक शेवभाजीत तर्री कमी मागतात. तात्यांनी मात्र वेगळाच हिशेब मांडला. 1952 नंतर 2024, म्हणजे मधे 72 वर्षं. त्या चालीने पुढचं संमेलन 2096 साली. त्यांनी कोल्हापूरला फोन लावून सांगितलं, तेव्हा तुमच्याकडचं जे कोणी येईल त्याला लॉजवर उतरू देऊ नका, आमच्या पंतूकडे पाठवा, मी त्याला सांगून ठेवतो.

पंतू अजून झालेला नाही. नातू तिसरीत आहे.